निवडून आली, पुढे काय?



मे २०२४ मध्ये बारामती लोकसभा मतदारसंघात सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार समोरासमोर उभ्या होत्या. दीड लाखाहून अधिक मतांनी सुप्रियाताई निवडून आल्या. पण बारामती-इंदापूरच्या पारावर तेव्हा चर्चा कशाची होती? नणंद की भावजय, लेक की सून! मूळचे पवार कोण आणि बाहेरून आलेले कोण, इथवर बोलणे गेले. संसदेत कोण काय मांडणार, कांद्याच्या निर्यातबंदीवर कोणाची भूमिका काय, हे प्रश्न नात्यागोत्याच्या गप्पांखाली दबले. पुरुष उमेदवाराला कोणी ‘तुम्ही कोणाचे जावई?’ असे विचारते का?

लोकांच्या वतीने बोलणे हे काम आहे. त्याला वेळ, अभ्यास आणि प्रवास लागतो. हे मोठ्या सभागृहांनाही चुकलेले नाही. १९७९ साली युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक झाली आणि फ्रान्सच्या सिमोन वेय अध्यक्ष झाल्या. नाझी छळछावणीतून वाचलेल्या या बाईंनी आरोग्यमंत्री असताना हीन टीका सोसून १९७५ चा गर्भपाताचा कायदा मंजूर करून घेतला होता. त्या संसदेच्या समित्या ब्रसेल्सला बसतात, महिन्याचे अधिवेशन स्ट्रासबर्गला भरते आणि मतदार असतात आपल्या देशात. २०१० साली इटलीच्या लिचा रोंझुल्ली तान्ह्या लेकीला अंगाशी बांधून मतदानाला बसल्या. तो फोटो जगभर गेला, कौतुक झाले. पण बाळंतिणीला गैरहजर राहून मत देण्याची सोय तेव्हा तिथे नव्हती, याकडे किती जणांनी पाहिले?

आपल्याकडे १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. दोन्ही तालुक्यांत बचत गटांबरोबर काम करताना मी पाहते, सरपंच झालेल्या बाईच्या धारा, भाकरी, उसातली खुरपणी यांतले काहीच कमी होत नाही. बैठकीची वेळ तिला विचारून ठरत नाही. तालुक्याच्या गावी जायचे तर गाडी घरच्या पुरुषाची. मग हळूहळू तिच्या खुर्चीवर तोच बसतो आणि गाव म्हणते, ‘बाईला जमत नाही.’

तिच्याकडून निष्ठा मागायची आणि तिच्या कामाचा भार कोणी वाटून घ्यायचा नाही, हा कुठला न्याय? बैठकीची लेखी सूचना वेळेवर मिळावी, प्रवासखर्च हातात पडावा, लेकरांना सांभाळायची सोय व्हावी, आणि निवडून न आलेला नवरा बैठकीत बसू नये, एवढे तरी आपण धरून बसले पाहिजे.

२०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा ठरवल्या, आणि अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधून ठेवली. त्या जागांवर उद्या जाणाऱ्या बाया आजच्या ग्रामपंचायतीतच तयार होणार आहेत.

ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणे आपल्या कायद्यात आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. तिथे आपल्या प्रतिनिधीला दोन प्रश्न विचारा: ताई, तुम्ही काय काम केलेत? आणि ते करायला तुम्हाला काय कमी पडले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या गटाने वहीत लिहून घ्यावे आणि पंचायतीपुढे ठेवावे.