यंत्रांचे बारसे

नामकरण हा आपल्या समाजात हलक्या हाताने उरकण्याचा विधी नव्हे. जन्मनक्षत्रावरून ठरणारे नावरस नाव पत्रिकेत राहते आणि पाळण्यापाशी आत्या बाळाच्या कानात सांगते ते नाव व्यवहारात चालते. पहिले कधी बदलत नाही. दुसरे लग्नानंतर, लाडाने वा सोयीने बदलू शकते. ओळख वेगळी आणि हाक वेगळी, हे शहाणपण या प्रथेमागे आहे. बँकेच्या शाखाशाखांतून जी असंख्य यंत्रे आपली सेवा करीत आहेत, त्यांना नाव देतानाही हेच शहाणपण हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाखेतील प्रत्येक संगणक, प्रत्येक प्रिंटर, पासबुक छापणारे यंत्र आणि एटीएम बँकेच्या संगणक-जाळ्यात स्वतःच्या नावाने वावरत असते. ग्राहकाला हे नाव सहसा दिसत नाही. तरीही त्याच्याशी ग्राहकाचे हित निगडित आहे. समजा, एखाद्या शाखेतील संगणकात विषाणू शिरला आणि तो संगणक तत्काळ जाळ्यापासून तोडणे आवश्यक ठरले. हे काम करणारा तंत्रज्ञ बहुधा दुसऱ्याच शहरात बसलेला असतो. त्याच्यासमोर यंत्र नसते, केवळ नावांची यादी असते. त्या यादीत ‘काउंटर-२’ नावाची चाळीस यंत्रे असतील तर त्याने कोणते तोडावे? चुकीचे तोडले तर निरोगी काउंटरसमोरची रांग खोळंबते आणि बाधित यंत्र मात्र आपले काम करीतच राहते.

एटीएमचेही तसेच. पैसे हाती न येता खात्यातून रक्कम वजा झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती परत जमा झाली पाहिजे, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात म्हटले आहे. तक्रार त्वरेने मार्गी लागावी यासाठी ती नेमक्या कोणत्या यंत्राची, हे निःसंदिग्धपणे कळणे अगत्याचे असते.

मग नाव कसे असावे? संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्या काळी नद्यांची, ताऱ्यांची, फुलांची नावे देण्याची हौस जगभर होती. १९९० साली डॉन लिबेस यांनी संगणकाचे नाव कसे निवडावे यावर एक छोटेखानी टिपण लिहिले. त्यात अशा नामावलींचे त्यांनी स्वागतच केले आहे. मात्र स्वतःचे नाव यंत्राला देऊ नये आणि ते ज्या प्रकल्पासाठी घेतले त्या प्रकल्पाचेही देऊ नये, असे बजावले आहे. यंत्र दुसऱ्याच्या हाती जाते, प्रकल्प संपतो आणि नाव दिशाभूल करीत मागे उरते. हजारो यंत्रांच्या संस्थेत नद्या आणि फुले पुरणार नाहीत; पण ही दुसरी सूचना आजही तंतोतंत लागू पडते.

तरीसुद्धा कार्यालयांत सर्वाधिक प्रिय पद्धत दिसते ती यंत्राच्या नावात शहर, शाखा, विभाग आणि अधिकाऱ्याचे पद एका माळेत ओवण्याची. वाचताक्षणी सारे कळते, हे तिचे आकर्षण. दोष एवढाच, की त्या माळेतील प्रत्येक मणी बदलणारा आहे.

बंगळूरमधील मल्लेश्वरमचेच उदाहरण पाहू. या वस्तीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. ज्या काडु मल्लेश्वराच्या देवालयावरून तिला नाव मिळाले, त्याच्याशी शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव जोडले जाते आणि १६६९ च्या शिलालेखात मल्लपूर या गावाचा उल्लेख येतो. १८९८ च्या प्लेगनंतर येथे मोकळ्या हवेची नवी वसाहत उभी राहिली. तिचे आडवे रस्ते ‘क्रॉस’ म्हणून क्रमांकाने ओळखले जातात, तर उभ्या हमरस्त्यांना संपिगे म्हणजे सोनचाफा आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंब अशी झाडांची नावे आहेत. रस्ता जागचा हलत नाही. म्हणून आठवा क्रॉस हा कायम सातव्या आणि नवव्याच्या मध्येच सापडतो. रस्त्याला स्थानावरून क्रमांक देणे योग्यच, कारण स्थान हीच त्याची ओळख आहे. संगणकाचे तसे नाही. तो आज मल्लेश्वरमला, उद्या राजाजीनगरला आणि परवा भांडारात असतो.

शिवाय मल्लेश्वरम हे नाव रोमन लिपीत कोणी ‘श’ साठी दोन अक्षरे योजून लिहितो, तर कोणी एकच. माणसाला दोन्ही एकच वाटतात. संगणकाला ती दोन निरनिराळी गावे भासतात. शहराचे नाव घालावे, तर तेही स्थिर नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून बंगळूर अधिकृतपणे बेंगळुरू झाले. आपल्याकडे २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तेथील यंत्रांची नावे प्रत्येक वेळी बदलत बसायची काय?

बँकेचे नावही अढळ नसते, हे कर्नाटकाइतके कोणी जाणत नसेल. २०१७ साली स्टेट बँक ऑफ म्हैसूर, २०१९ साली विजया बँक, २०२० साली सिंडिकेट बँक आणि कॉर्पोरेशन बँक, अशा या भूमीत वाढलेल्या चार बँका तीन वर्षांत विलीन झाल्या. आयएफएस संकेतांकाची पहिली चार अक्षरे बँकेची असतात. त्यामुळे १ जुलै २०२१ पासून सिंडिकेट बँकेचे जुने संकेतांक बाद झाले आणि ग्राहकांना नवे संकेतांक जागोजागी कळवावे लागले. याउलट पिन कोड पाहा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी अधिकाऱ्याने रचली. शहराचे नाव बदलले तरी मल्लेश्वरमचा ५६०००३ हा पिन कोड बदलला नाही. मुंबई विमानतळाचा ‘बीओएम’ हा संकेतही बॉम्बेची मुंबई झाल्यावर तसाच राहिला. ज्या खुणेत नावाचा आग्रह नाही, ती टिकते.

म्हणून माझे म्हणणे असे, की यंत्राच्या नावात केवळ न बदलणाऱ्या गोष्टी असाव्यात: यंत्राचा प्रकार दाखवणारे एखादे अक्षर आणि निर्मात्याने दिलेला अनुक्रमांक किंवा बँकेच्या मालमत्ता-नोंदीतील क्रमांक. विंडोज संगणकाचे नाव १५ अक्षरांच्या आत ठेवावे लागते, त्या मर्यादेतही हे सहसा बसते. अनुक्रमांक फार लांब असेल तेथे नोंदीतील क्रमांक घ्यावा. शाखा, विभाग, वापरणारा कर्मचारी ही सर्व माहिती नोंदवहीत असावी आणि यंत्र हलताच तेथे बदलावी. यंत्रांचे दूरस्थ व्यवस्थापन करणाऱ्या आजच्या प्रणाली अनुक्रमांकावरून नाव आपोआप देऊ शकतात. त्यामुळे नाव टंकताना होणाऱ्या चुकाही टळतात.

असे रुक्ष नाव लक्षात राहत नाही आणि दूरध्वनीवर सांगताना जीभ अडखळते, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. परंतु त्यावर उपाय सोपा आहे: यंत्राच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत नावाची पट्टी लावावी आणि क्रमांक बँकेनेच ठरवायचा असेल तर शून्य आणि रोमन ‘ओ’ अशी एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे टाळावीत. शिवाय रुक्षतेचा एक लाभही आहे. ज्या नावात ‘रोखपाल’ किंवा ‘व्यवस्थापक’ असे लिहिलेले असते, ते आगंतुकाला तिजोरीची वाट दाखवते. क्रमांक मुका असतो.

आणखी एक पथ्य. आजोबांचे नाव नातवाला ठेवणे ही कुटुंबातील सुंदर रीत. पण निकामी झालेल्या यंत्राचे नाव नव्या यंत्राला कदापि देऊ नये. लेखापरीक्षकाला पाच वर्षांपूर्वीचा व्यवहार कोणत्या यंत्रावरून झाला हे शोधायचे असते. एका नावाची दोन यंत्रे निघाली, तर पुराव्याचा धागा तिथेच तुटतो.

अर्थात, नोंदवहीच अद्ययावत नसेल तर उत्तमोत्तम नावही निरर्थक ठरेल. म्हणून कर्मचारी बंधुभगिनींना विनंती, की यंत्र एका मेजावरून दुसऱ्या मेजावर नेले तरी त्याची नोंद त्याच दिवशी करावी. ग्राहकांनाही एक सुचवावेसे वाटते: एटीएमबाबत तक्रार करताना ‘चौकातले एटीएम’ एवढेच न सांगता तेथे लावलेला किंवा पावतीवर छापलेला ओळख क्रमांक टिपून द्यावा. चौकात एटीएम दोन असू शकतात. तो क्रमांक मात्र एकाच यंत्राचा असतो.