‘मिलिटरी ग्रेड’ तंबू नावाची थाप

मे महिना उजाडला की फोन सुरू होतात. कधी भाचा, कधी कोर्समेटचा मुलगा, कधी सोसायटीतला कुठला तरी ट्रेकिंग ग्रुप. प्रश्न ठरलेला: “काका, आर्मीवाला एखादा भक्कम तंबू सांगा ना. सह्याद्रीतही चालेल आणि लडाखलाही.”

या प्रश्नात दोन समजुती दडलेल्या आहेत. एक, फौजेचा तंबू जात्याच भक्कम असतो. दोन, सगळ्या हवामानांना पुरून उरणारा एखादा तंबू अस्तित्वात आहे. दुकानदार या दोन्ही समजुती ‘मिलिटरी ग्रेड, ऑल वेदर’ असा शिक्का मारून विकतात. वीस वर्षांहून अधिक काळ कापडाखाली रात्री काढलेला माणूस म्हणून स्पष्ट सांगतो: दोन्ही थापा आहेत, आणि दुसरी जिवावर बेतू शकते.

आधी फौजेचं बघू. आमच्या जुन्या तंबूंची नावंच वजनावरून पडलेली: फोर्टी पाउंडर, वन एटी पाउंडर. हे तंबू टिकतात, पण कशामुळे? ते गाडीतून येतात, उभारायला सेक्शनभर हात असतात, भोवती चर खणलेला असतो, आणि रोज सकाळी कुणीतरी दोर तपासतं. ओल्या दिवशी सैल करतं, सुकल्यावर ताणतं. टिकतो तो हा बंदोबस्त. तो काढून घ्या, मग उरतं फक्त जड कापड. १४ नोव्हेंबर १८५४ रोजी क्रिमियात बालाक्लावाजवळ जे वादळ आलं, त्यात ब्रिटिश फौजेचे तंबू पाचोळ्यासारखे उडाले. शंभर टक्के ‘मिलिटरी ग्रेड’ होते ते!

आता ‘ऑल वेदर’चा भाऊ, ‘फोर सीझन’. हा शब्द ऐकला की आपली मंडळी खूश. अरे, पण ते चार ऋतू कुणाचे? युरोप-अमेरिकेतले: वसंत, उन्हाळा, पानगळ आणि बर्फाचा हिवाळा. त्या यादीत आपला पावसाळा नाहीच. फोर सीझन तंबू मुख्यतः बर्फाचा भार आणि जोराचा वारा यांच्यासाठी बनतो. म्हणून त्याला जाळी कमी, कापड जास्त. हाच तंबू जुलैत सह्याद्रीच्या पठारावर लावा. बाहेर धुकं, आत दोन माणसांचा श्वास आणि घाम. रात्रभरात ग्लासभर पाणी तरी माणसंच आत सोडतात. पहाटे छतावरून थेंब गळतात आणि मंडळी दुकानदाराला शिव्या घालतात की तंबू लीक झाला. तो लीक झालेला नसतो, त्याला श्वास घ्यायला जागा नसते.

आमच्याकडे कुठलीही योजना ‘शत्रू कोण?’ इथून सुरू होते. तंबूचंही तसंच आहे. लेहला वर्षभरात साधारण १०० मिमी पाऊस पडतो, आपल्या आंबोलीत ७,००० मिमीच्या आसपास. लडाखमध्ये शत्रू आहेत वारा, थंडी आणि कापड कुजवणारं कडक ऊन. सह्याद्रीत शत्रू आहे आडवा येणारा पाऊस आणि आतला दमटपणा. थरच्या वाळवंटात शत्रू आहे वाळू: मेख धरून ठेवत नाही आणि जाळीतून आत येते. ईशान्येकडच्या जंगलात पायाखालची जमीनच पाणी होते. या चौघांशी एकाच हत्याराने लढेन म्हणणारा अधिकारी आमच्या प्रशिक्षणात नापास होतो. बाजारात मात्र त्याच थापेचे वीस हजार रुपये मोजले जातात.

मग येतात आकडे. “पाच हजार मिमी वॉटरप्रूफ आहे, सर!” या आकड्याचा अर्थ इतकाच, की कापडावर पाण्याचा तेवढा उंच स्तंभ उभा केला तर ते गळायला लागेल. हा आकडा शिवण, झिप किंवा काठ्यांबद्दल काहीच सांगत नाही. शिवणीला आतून टेप नसेल तर पाच हजार काय, दहा हजारही पाण्यातच. पुन्हा हा आकडा नव्या कापडाचा असतो. ओला तंबू गुंडाळून माळ्यावर टाकला, की आतला पॉलियुरेथेनचा थर आपल्या दमट हवेत चिकट होतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. महागडे तंबू पावसाने मरण्याआधी माळ्यावर मरतात.

खरा वैरी वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. स्वस्त तंबूतल्या फायबरग्लासच्या काठ्या अशा वेळी चिरतात आणि कापड फाडून बाहेर येतात. चांगली अॅल्युमिनियमची काठी आधी वाकते, आणि वाकलेल्या काठीवर रात्र निभते. पण काठीपेक्षाही मोठा प्रश्न जमिनीला धरून राहण्याचा आहे. जुलै १९११ मध्ये अंटार्क्टिकात केप क्रोझियरला गेलेल्या स्कॉटच्या मोहिमेतल्या तिघांचा तंबू वादळात उडून गेला. वादळ ओसरल्यावर तो उताराखाली जवळजवळ धड सापडला, म्हणून तिघं परतले. कापड पुरेसं भक्कम होतं, जमिनीने ते सोडलं.

आपल्याकडे तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या मेखा बघा. सह्याद्रीच्या पठारावर बोटभर मातीखाली काळा कातळ लागतो, तिथे त्या केसाच्या पिनेसारख्या वाकतात. तिथे दोर मोठ्या दगडाला बांधावा लागतो. वाळूत किंवा बर्फात पिशवी भरून पुरावी लागते. आणि त्या पाकिटातले दोर? निम्मे लोक ते सोडवतही नाहीत, ‘फोटोत अडखळतात’ म्हणून!

आता ती जिवावर बेतणारी थाप. ‘ऑल वेदर’ म्हटलं की माणसाला वाटतं, सगळं बंद केलं की आपण सुरक्षित. थंडी वाजली की झिपा लावायच्या, फटी कोंबायच्या आणि आत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवायचा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून उठणं नसतं. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला एका रिसॉर्टच्या खोलीत केरळचे ८ पर्यटक दगावले, तेव्हाही बोट गॅस हीटरकडेच गेलं. ती पक्की खोली होती. तंबूत हवा त्याहून कितीतरी कमी.

चांगथांगचे चांगपा मेंढपाळ याकच्या केसांपासून विणलेल्या रेबोत राहतात. आत चूल असते, पण छताला धुराची फट ठेवलेली असते, त्या थंडीतही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना भक्कम तंबूचा अर्थ बंद तंबू असा वाटत नाही. तो आपल्यालाच वाटतो, जाहिरात वाचून.

“मग काय, प्रत्येक हवामानाला वेगळा तंबू घ्यायचा? पैसे झाडाला लागलेत का?” रास्त प्रश्न आहे. उत्तर सोपं आहे. दहापैकी आठ वेळा जिथे जाता, त्यासाठी विकत घ्या. उरलेल्या दोन वेळांसाठी भाड्याने घ्या. लेह-मनालीत भाड्याने मिळतात. महाराष्ट्रातल्या ट्रेकरला हवा दोन थरांचा तंबू. वरचा थर जमिनीच्या वीतभर अंतरापर्यंत उतरलेला, वर हवा जाण्याची झडप, ओले बूट आणि सॅक ठेवायला पडवी, तळाचं कापड परातीसारखं काठाला वर आलेलं, अॅल्युमिनियमच्या काठ्या. दोर बांधायच्या जागा मोजून घ्या. आठपेक्षा कमी असतील तर दुकानातून बाहेर पडा. चांगल्या मेखा वेगळ्या घ्या.

आणि मग बिल्डिंगच्या गच्चीवर, भर पावसात, अंधारात, तो तीनदा उभा करा. मेख नाही तर पाण्याच्या टाकीला दोर बांधा. शेजारी हसतील, हसू द्या. खडकवासल्याला आम्हाला दोर बांधायला आधी शिकवलं. तंबूच्या कंपनीचं नाव कुणी सांगितलंही नाही.

जागा निवडायचं भानही दुकानात मिळत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली, त्याच लेहला, जिथे पाऊस जेमतेम १०० मिमी. कोरड्या दिसणाऱ्या नाल्यात लावलेल्या तंबूला कसलाही शिक्का वाचवत नाही. कड्याच्या टोकावर, व्ह्यू दिसतो म्हणून लावलेल्यालाही नाही.

माजी सैनिक मित्रांना एक विनंती. गावातली पोरं तुम्हाला विचारतात, तुमच्या शब्दाला वजन आहे. “आर्मीवाला घे, काही होत नाही” हे वाक्य बंद करा. त्याऐवजी पोराला विचारा, “कुठे चाललायस, कुठल्या महिन्यात, आणि बाबा, गाठ कुठली मारणार?” तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर त्याला तंबू विकत घेऊ देऊ नका. आधी दोर हातात द्या.

जय हिंद.