कॅनॉलच्या कडंचा मुरूम मुरूमच राहू द्या



नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता डांबरी करून द्या, म्हणजे ऊस वाहतुकीची सोय होईल, अशी मागणी आमच्या शिवारात परत निघालीय. येत्या ग्रामसभेत विषय येणार. सह्या गोळा करणारे बहुतेक माझ्याच भावकीतले, कागद घरी दोनदा येऊन गेला. मी सही केली नाही आणि करणारही नाही. पाठीमागं कुजबुज नको म्हणून कारणं इथंच लिहितो. जरा लांबेल, पण निवांत बसून वाचा.

मुळात तो रस्ता नव्हेच. ती कालव्याची भिंत आहे. तिच्यावरून हिंडून पाणी बघता यावं एवढ्यासाठी माथा सपाट ठेवलाय. 1876-77 चा दुष्काळ पडला तेव्हा पोटासाठी दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी टिकाव, फावडं, पाटी घेऊन या कामाला हात घातला आणि 1885 साली पाणी सुटलं. तेव्हा भरावावरून जाणार कोण, तर घोड्यावरचा साहेब, बैलगाडी आणि पायी माणूस. आज दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर वीस टनांच्या वर ऊस ओढतो. गाळप सुरू असताना असे ट्रॅक्टर रात्रंदिवस या मातीवरून पळवायचे? बाहेरच्या कडेला चाक गेलं की कड खचते, लांबलचक चीर पडते. आत घुशींची आणि खेकड्यांची बिळं आधीचीच. आवर्तन सुटलं, कालवा भरून वाहायला लागला की पाणी ती चीर बरोबर शोधून काढतं.

"डांबर टाकलं की चिरा बुजतील" असं एकानं मला समजावलं. अरे बाबा, बुजत नाहीत, झाकल्या जातात. मुरमावर माती बसली की चालत्या माणसाच्या पायाला कळतं. डांबराखाली पोकळी झाली तर वरून सगळं गुळगुळीत, आणि कळतं ते थेट फुटल्यावर. पुण्यात 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला. भरदिवसा घराघरांत पाणी शिरलं, गरिबांचे संसार वाहून गेले. नंतर खापर फुटलं कुणावर, तर उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर. खेकडा काय ग्रामसभेत येऊन खुलासा देणार आहे? बिळं रोजच्या रोज कुणी बघत होतं का, हा खरा प्रश्न, आणि तो आपल्यालाही लागू आहे.

कारण आपल्याकडं बघणारा माणूस होता. पाटकरी. जुन्या लोकांना आठवत असेल, खाकी शर्ट, कॅरिअरला फावडं बांधलेली काळी सायकल, आणि भरावावरून हळूहळू येणारा गडी. मोरी तुंबली, दार गळतंय, कुणी रात्रीत पाइप घातला, भरावावर झाड उन्मळलं, हे सगळं त्याला सायकलवरून दिसायचं. मोटरसायकलवरून दिसत नाही आणि चारचाकीच्या काचेतून तर अजिबात नाही. आता पाटकरी उरलेत किती, आणि एकेकाकडं हद्द किती, हे तुम्हीच बघा. कालव्याची लांबी दीडशे किलोमीटरच्या वर. वीरपासून निघून पुरंदर, बारामती, इंदापूर असे तीन तालुके. एवढ्या लांबीवर डोळे ठेवणार कोण?

म्हणून मला त्या सायकलवाल्यांचं वावडं नाही. हो, तेच, घट्ट कपडे आणि डोक्यावर टोपलं घातलेले, रविवारी पहाटे नीरेपासून निंबुत, वडगाव निंबाळकर, माळेगाव करत बारामतीकडं येणारे. पारावर त्यांची टिंगल चालते. चालू द्या. पण ते या भिंतीवर शंभर किलोच्या आतलं वजन घालतात, आवाज करत नाहीत, धूळ उडवत नाहीत, आणि तासाला दहा-पंधरा किलोमीटरनं जातात, म्हणजे बघत बघत जातात. मागं एकानं थांबून मला सांगितलं होतं, काका, मागच्या पुलाच्या पलीकडं भरावाच्या पायथ्याला पाणी झिरपतंय. गावातलं कुणी तोवर बोललं नव्हतं.

त्यांच्या सायकलीला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. किंमत ऐकून आपल्या छातीत धडकी भरते. पण टायर बघा, चाळीस मिलिमीटरच्या आसपास. आपल्या बापजाद्यांच्या ॲटलस, हर्क्युलसचं टायर 28 इंची आणि रुंदी दीड इंच. हिशेब करा, तेवढंच भरतं. मुरमाच्या रस्त्याला कसलं टायर लागतं हे आपल्या दूधवाल्याला आणि पोस्टमनला ठाऊकच होतं. तेव्हा हे शहरातलं खूळ आहे म्हणू नका. आपलंच आहे, जरा महाग होऊन परत आलंय.

आणि कालव्याचा काठ सायकलला एवढा सोपा का? कालवा डोंगर चढत नाही. जमिनीच्या एका पातळीची रेघ धरून वळसे घेत जातो, उतार इतका हलका की डोळ्याला कळत नाही. दोन्ही अंगांना रान चढतंय-उतरतंय, तुम्ही मात्र सपाट. जून-जुलैत पश्चिमेचा वारा पाठीशी असला तर नीरेकडून बारामतीकडं येताना पायडलला जोरच लागत नाही. जाताना मात्र तोच वारा दम काढतो.

कृषी सहायक, कारखान्याचे शेतकी अधिकारी, कॉलेजची पोरं यांना माझं खास सांगणं आहे. एकदा तरी हा काठ सायकलनं करा. कालव्याची वरची बाजू आणि खालची बाजू असे दोन मुलूख एका नजरेत दिसतात. वर माळ, बाजरी, हुलगा, धनगराची मेंढरं. खाली ऊस, केळी, पेरू. मधे फक्त हा भराव. आणि खालच्या अंगाला खोलगट रानं नीट बघत या. उसाच्या हिरव्या पट्ट्यात मधूनच विरळ, खुरटं, पिवळं पडलेलं पीक दिसेल, कुठं पांढरी खपली आलेली दिसेल. ती चोपण आणि खारवट रानं. हे दुखणं आजचं नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर 1910 साली पुस्तिका काढली होती. म्हणजे पाणी सुटल्याला पंचवीस वर्षं झाली तोवर अभ्यास करण्याइतकी जमीन बिघडली होती! पाझर कुठून निघतो, कुठं साठतो, जुना चर कुणी बुजवला, हे काठावरून सायकलनं जाताना जसं समजतं तसं मोबाइलच्या नकाशावर समजत नाही. गाडीतून शिवारफेरी करणाऱ्या साहेबांनी राग मानू नये.

(कालव्याच्या अस्तरीकरणाचा विषय वेगळा आहे. विहिरींच्या पाझराचं काय होणार त्यावर स्वतंत्र लिहीन, इथं त्याची सरमिसळ नको.)

आता विरोध करणाऱ्यांचं बघू. एक गट खरोखर अडचणीतला आहे. त्यांच्या रानाला दुसरी वाटच नाही, ऊस बाहेर काढायचा तर भरावावरूनच. त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण त्यावर इलाज पाणंद रस्ता आहे. पाणंद रस्त्यांसाठी शासनाची योजना आहे, नकाशावर पाणंदी आहेत, त्या नांगरून कुणी खाल्ल्या हे गावाला माहीत आहे. पाणंद मोकळी करायची तर भावाभावांत वाकडं येतं, आणि कालवा पडला सरकारी, त्याच्याशी कुणाचं भांडण नाही. म्हणून सगळा भार भिंतीवर. ही खरी गोम.

दुसरा गट मुरूम आणि वाळूच्या डंपरवाल्यांचा. मुख्य रस्त्यावर कुणी अडवेल म्हणून त्यांना हा आडमार्ग पाहिजे. शेतकऱ्याच्या ठरावावर त्यांना फुकटचं डांबर मिळणार. तिसरा गट बोलत नाही. भरावातून पाइप घातलेत ना, त्यांना काठावरून माणसं हिंडायलाच नको आहेत, सायकलवाली असोत नाहीतर पायी. एकेक भोक म्हणजे भिंतीला एकेक घाव, आणि पाणी कमी पडतं ते शेवटाला इंदापूरकडं, जिथं सात नंबरचा अर्ज भरून माणूस पाळीची वाट बघत बसलेला असतो.

आणि अजून एक जमात आहे, सुशोभीकरणवाली. यांना पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट आणि पुढं हॉटेलं पाहिजेत. शहराच्या हद्दीत काय करायचं ते करा. शिवारात नको. मुरमाला खर्च कमी, पावसाचं पाणी जिरतं, बैलाच्या खुराला आणि मेंढराच्या पायाला तो मऊ लागतो. पोरं शाळेला सायकलनं जातात तीही यावरून. पालखी मार्गाचा मोठा महामार्ग झाला, चांगलंच झालं, पण त्यावरून सातवीतल्या पोरीला सायकलवर पाठवायची तुमची हिंमत होते का? माझी होत नाही.

असला वाद एकट्या आपल्याकडं झाला असंही नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनहून निघणारा एक जुना कालवा आहे, चेसापीक आणि ओहायो नावाचा. 1828 साली खोदाई सुरू झाली, 1850 ला पूर्ण झाला. खेचरं काठावरून चालायची आणि दोरानं होड्या ओढायची. 1924 च्या पुरानंतर तो बंद पडला. पुढं त्या काठावर मोटारींचा रस्ता करायचं चाललं होतं आणि एका मोठ्या वर्तमानपत्रानं त्याला पाठिंबा दिला. तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांनाच आव्हान दिलं, माझ्याबरोबर काठानं चालून बघा. 1954 च्या मार्चमध्ये ते 184 मैलांची ती वाट चालले. वर्तमानपत्राला भूमिका बदलावी लागली, रस्ता बारगळला, 1971 साली तो सगळा काठ राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. आज मोटारीचा त्रास न होता लोक तिथं जवळपास तीनशे किलोमीटर सायकल चालवतात. त्यांचा कालवा तर मेलेला होता. आपला जिवंत आहे, त्याच्यावर आपली चूल पेटते.

मी नुसता नाही म्हणणारा माणूस नाही. ग्रामसभेत मी मांडणार आहे ते असं. भरावावर डांबर नको, चांगला मुरूम टाकून रोलर फिरवा, बाहेरच्या कडेची बिळं आवर्तनाआधी बुजवा. प्रत्येक पुलाजवळ लोखंडी खांब रोवा, बैलगाडी आणि रिकामा ट्रॅक्टर जाईल एवढी फट ठेवा, डंपर आणि डबल ट्रॉली अडली पाहिजे. ज्यांना दुसरी वाट नाही त्यांची नावं लिहून काढा, पाणंद होईपर्यंत त्यांना एका ट्रॉलीची सवलत द्या, तीही कालवा कोरडा असताना. सायकलवाल्यांनाही नियम पाहिजेत. पाळी सुरू असताना काठाला उतरायचं नाही, धार वरून संथ वाटते पण पोहणाऱ्यालाही ओढून नेते. बाटल्या, पुडे टाकायचे नाहीत. मेंढरं समोर आली की उतरून उभं राहायचं. पंक्चरचं सामान स्वतःचं आणायचं, कारण बाभळीचा काटा ग्रॅव्हल सायकल ओळखत नाही.

ज्यांना कागदावर सही करायची त्यांनी खुशाल करा. फक्त त्याआधी माझ्याबरोबर एकदा सणसरपर्यंत चला. माझी जुनी सायकल आहे, थोरल्या पोराची एक आहे, अजून दोघा-चौघांनी आपापल्या आणल्या तर जमेल. सध्या कालवा कोरडा आहे, त्यामुळं आतल्या बाजूच्या चिरासुद्धा मोजता येतील. सकाळी सहाला पुलावर भेटू, येणाऱ्यांनी आधी कळवा, म्हणजे डब्याचं बघता येईल.