भिंतींचा रंग नको, सोसायटीचा हिशेब दाखवा

‘भाड्यापेक्षा हप्ता कमी पडेल.’ टोकियोच्या आसपास घर शोधणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना एजंट हे हमखास ऐकवतात, आणि ही निव्वळ फसवणूक आहे. सैतामा-चिबाकडच्या १९७०च्या दशकातल्या पाच मजली, बिनलिफ्टच्या इमारतींत फ्लॅट स्वस्त मिळतात, हे खरं. पण हप्त्याच्या वर मेंटेनन्स, मोठ्या दुरुस्तीसाठीचा सिंकिंग फंड आणि मालमत्ता कर असतो. कर्ज फिटलं तरी हे तिन्ही मागे लागलेले राहतातच. एजंट भाड्याशी तुलना करतो ती फक्त हप्त्याची.

मी अशाच एका जुन्या इमारतीच्या कमिटीवर आहे. प्लंबरने पाण्याच्या लोखंडी पाइपाचा कापलेला तुकडा आमच्या बैठकीत टेबलावर ठेवला. आत गंजाची इतकी पुटं चढली होती की करंगळीही जेमतेम शिरली असती. त्याच वेळी आमच्याकडचा एक फ्लॅट विक्रीला होता. दलाल कंपनीने तो विकत घेऊन नवं किचन, पांढराशुभ्र वॉलपेपर असा नटवला होता. तिथला चकचकीत नळ ह्याच गंजक्या पाइपाला जोडलेला. पाइप बदलायचे ते सगळ्यांच्या फंडातून, आणि फंडात खडखडाट. का? फ्लॅट पटापट खपावेत म्हणून बिल्डर सुरुवातीला फंडाचा हप्ता मुद्दाम कमी ठेवतो, पुढे टप्प्याटप्प्याने वाढवा म्हणतो. वाढीचा ठराव येईपर्यंत बरेच मालक पेन्शनवर आलेले असतात. ते वाढीच्या बाजूने हात कसे वर करणार? जपान सरकारच्या २०२३च्या पाहणीत एक तृतीयांशाहून जास्त सोसायट्यांची शिल्लक त्यांच्याच आराखड्यापेक्षा कमी निघाली.

यावर आपली माणसं म्हणतात, ‘इमारत जुनी झाली की रिडेव्हलपमेंट होईलच की!’ हे मुंबईचं गणित इथे चालत नाही. मुंबईत एफएसआयच्या लोभाने बिल्डर दारात उभा राहतो. इथे अनेक उपनगरांतली लोकसंख्या उतरणीला लागली आहे, जादा फ्लॅट घेणार कोण? पुनर्बांधणीला सर्वसाधारणपणे चार-पंचमांश मालकांचा होकार लागतो आणि बहुतेक ठिकाणी पदरचे पैसेही घालावे लागतात. टोकियोच्या तामा न्यू टाउन या उपनगरी वसाहतीत ६४० घरांच्या जागी २०१३ साली १,२४९ घरं उभी राहिली, ती जागा स्टेशनजवळची, मोक्याची होती आणि इमारतींभोवती भरपूर मोकळी होती म्हणून. तो दाखला दाखवून दुसरीकडचा फ्लॅट गळ्यात मारणं हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे.

भूकंपाच्या बाबतीतही असंच अर्धसत्य सांगितलं जातं. भूकंपरोधक बांधकामाचे नवे नियम १ जून १९८१पासूनच्या बांधकाम परवानग्यांना लागू झाले. १९८२ साली पुरी झालेली इमारत जुन्या परवानगीची असू शकते, तरी ‘१९८२ची आहे’ एवढं सांगून एजंट मोकळा होतो. शिवाय आधीच्या मालकाने मेंटेनन्स थकवला असेल, तर कायद्याने तो नव्या मालकाकडूनही वसूल करता येतो.

हे सगळं कागदावर असतं. पण ती जाडजूड जपानी कागदपत्रं अनेकदा सह्यांच्या दिवशीच, भराभर वाचून दाखवली जातात. ज्याला भाषा धड येत नाही, त्याच्याशी असं वागणं मला संतापजनक वाटतं.

म्हणून बयाणा देण्याआधी फंडाची शिल्लक, थकबाकी, दुरुस्तीचा दीर्घ मुदतीचा आराखडा आणि परवानगीची तारीख लेखी मागा. ओळखीच्या जपानी माणसाकडून ते वाचून घ्या. एजंट टाळाटाळ करू लागला, तर तो फ्लॅट घेऊ नका.