टन किती ते नंतर, खडक कोणता?

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या रियासीत ५९ लाख टन लिथियम सापडल्याची बातमी आली, तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ती स्टेटसला ठेवली असेल. आकडा सगळ्यांना पाठ झाला. तो साठा ‘अनुमानित’ आहे, आणि तो कोणत्या खडकात आहे, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही. पुढे लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत. ती बातमी काही कोणी फॉरवर्ड केली नाही!

खडकाची जन्मकथा का विचारायची, ते इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये नीट कळतं. तिथल्या ग्रॅनाइटच्या आसपास ब्रॉन्झ युगापासून कथील निघत आलं. शेवटची कथील खाण १९९८ मध्ये बंद पडली. आता त्याच ग्रॅनाइटच्या अभ्रकात लिथियम शोधतायत. तसा ग्रॅनाइट जगात ढिगाने आहे, तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरही असेल. (ओटा काळा असेल तर तो बहुधा ग्रॅनाइट नसतोच, पण ते जाऊ दे.) मग कॉर्नवॉलचंच नशीब एवढं कसं फळफळलं?

दोन भूखंडांची टक्कर झाली आणि समुद्रतळाचा गाळ खोल गाडला गेला. टक्कर ओसरल्यावर कवच ताणलं गेलं, खालची उष्णता वर आली आणि गाळाचा तो अभ्रकयुक्त खडक वितळला. हा रस गार होताना काय होतं, ते साखर कारखाना पाहिलेल्यांना लगेच कळेल. साखरेचे दाणे धरतात आणि दाण्यात न बसणारं सगळं मळीत उरतं. इथेही क्वार्ट्झ-फेल्डस्पारचे स्फटिक होत गेले. त्यांत न मावणारं लिथियम, कथील, टंगस्टन शेवटच्या रसात साचत गेलं.

वय सांगतो झिरकॉन नावाचा बारीक स्फटिक. तयार होताना तो युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेत नाही. मग युरेनियमचं ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं. दोन्हींचं प्रमाण मोजलं की वय मिळतं. कॉर्नवॉलचं उत्तर : सुमारे २९ ते २७ कोटी वर्षं. म्हणजे हा ग्रॅनाइट एका दमात आलेला नाही, रस जवळपास दोन कोटी वर्षं हप्त्याहप्त्याने वर येत राहिला. प्रत्येक हप्त्यात धातू सारखे नाहीत. ड्रिलिंगचा खर्च कुठे करायचा, हे ठरवताना हीच माहिती कामी येते.

आपल्याकडे कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात पेग्मटाइट आहे. पेग्मटाइट म्हणजे अशाच शेवटच्या रसाचा, भरड दाण्यांचा खडक. तिथे १,६०० टन लिथियमचा प्राथमिक अंदाज आहे. रियासीपुढे हा आकडा अगदी किरकोळ, त्यामुळे स्टेटसला कोण ठेवणार! पण पेग्मटाइटमधून लिथियम काढायची रीत जगाला पक्की माहीत आहे, ऑस्ट्रेलियातल्या खाणी त्यावरच चालतात. रियासीचं लिथियम मात्र चिकणमाती-बॉक्साइटच्या थरांत आहे, आणि मातीतून ते मोठ्या प्रमाणावर, परवडेल असं काढायची रीत अजून नीट बसायची आहे. बोली का लागली नाही, याचं बरंचसं उत्तर तिथेच सापडेल.