निदान ‘निदान’ तरी!

आय. सी. इंजिनच्या ओरलला एक प्रश्न हमखास ठरलेला असतो : “थर्मोस्टॅटचं काम काय?” उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. इंजिन थंड असताना तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडायला लागतो. एक्स्टर्नल मान डोलावतात, पुढचा रोल नंबर आत जातो. पण समजा, एक्स्टर्नलनी हाच विषय उलट्या बाजूने विचारला : “एक गाडी सिग्नलला तापते, हायवेला तापत नाही. आधी काय बघशील?” ...शांतता! आणि गंमत म्हणजे प्रश्न सिलॅबसबाहेरचा मुळीच नाही. पंखा, रेडिएटर, वॉटर पंप, सगळं आपल्या जर्नलमध्ये आहे. जीटी मारून का होईना, पण आहे.

मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी तिसरी भाषा होती, त्यामुळे ‘निदान’ हा शब्द माझ्या कानावर फक्त आजीच्या तोंडून पडायचा : “निदान दूध तरी पिऊन जा!” या शब्दाचा दुसरा अर्थ रोग ओळखणं असाही आहे, हे इथे हॉस्टेलला आल्यावर मराठी पेपरातून कळलं. मला वाटतं, आपल्या मेकॅनिकल ब्रँचची सगळी कहाणी या एका शब्दात आहे. आपण डिझाइन शिकतो, मॅन्युफॅक्चरिंग शिकतो, एलएमटीडीची गणितं पानंच्या पानं सोडवतो. निदान ‘निदान’ तरी कोणी शिकवावं की नाही?

तापणाऱ्या गाडीचं उदाहरण मुद्दाम घेतेय, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मे महिन्यात खंबाटकी किंवा कसारा घाट चढताना बोनेट उघडून उभी असलेली एखादी तरी गाडी दिसतेच. शेजारी बाटली घेतलेला ड्रायव्हर, आणि सल्ले देणारे चार जण. सल्ला एकच : “पाणी ओता!”

थोडं मुळाशी जाऊ. ढोबळमानाने पेट्रोलच्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेला तिसरा भाग कूलिंग सिस्टिमला वाहून न्यावा लागतो. सिलिंडरमधल्या जळत्या वायूचं तापमान २००० अंशांच्या वर जातं, आणि अ‍ॅल्युमिनिअम तर ६६० अंशांना वितळतं. तरी इंजिन वितळत नाही, कारण कूलंट न थांबता फिरत असतो. म्हणजे गाडी ‘तापली’ याचा अर्थ इतकाच की आत येणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा हिशोब चुकला. कुठे चुकला, हे काट्यावरून कळत नाही. काटा म्हणजे थर्मामीटर. ताप आलाय इतकंच तो सांगतो. टायफॉईड की मलेरिया, ते डॉक्टरने विचारायचं असतं. आणि डॉक्टरचा पहिला प्रश्न काय असतो? “ताप कधी येतो?”

गाडीलाही नेमका हाच प्रश्न विचारायचा. कधी तापते?

उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेगात गेलं की काटा खाली येतो? मग संशय पंख्यावर. वेगात वारा आपोआप रेडिएटरमधून जातो; उभ्या गाडीत तो पंख्यालाच ओढावा लागतो. एक फुकटातली टेस्ट आहे. बहुतेक गाड्यांत ए. सी. लावला की पंखा सुरू होतो. ए. सी.ला फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर ठीक आहे, सेन्सर किंवा त्याची वायरिंग बघा. दोन्ही वेळा फिरत नाही, तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर. स्वस्तापासून महागाकडे जायचं!

गावात ठीक, पण घाटात किंवा शंभरच्या वेगाला तापते? मग हवा पुरते आहे, पण पाणी पुरत नाहीये. रेडिएटर आतून चोंदला असेल, पंपाची पाती झिजली असतील, किंवा खालचा होज पाइप जास्त आरपीएमला आत ओढला जाऊन चपटा होत असेल. बाहेरून रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे बसले असतील तरी हाच प्रकार. घाट तर वाईटच : लोड पूर्ण, वेग कमी, त्यात वर चौथा गिअर ओढत ठेवला की पंपही हळू फिरतो. खालचा गिअर टाकला आणि ए. सी. बंद केला तर कित्येक गाड्या तेवढ्यानेच सुधारतात.

थंड इंजिन सुरू करून काही मिनिटांतच काटा लालकडे धावतो, आणि रेडिएटरचा वरचा होज मात्र गारच? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवत ठेवला, की उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. (पातेलं मेसमधून आणू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि मेसचं जेवण आधीच पुरेसं आहे!)

कुठेच गळती नाही, तरी कूलंट कमी होतो? आता प्रकरण गंभीर. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला तर समजावं, हा दाब वाफेचा नाही, कारण पाणी अजून तापलेलंच नाही. तो सिलिंडरमधून येतोय. हेड गॅस्केट गेलं. पेट्रोल गाडीत याची खात्री करायची टेस्ट आपल्या केमिस्ट्री लॅबमधलीच आहे : रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा ब्रोमोथायमॉल ब्लूमधून ओढायची. कार्बन डायऑक्साइड असला की निळा रंग पिवळा होतो.

आणि सगळ्यात फसवी केस : काटा वर गेला होता, आणि अचानक खाली आला! ड्रायव्हर खूश. प्रत्यक्षात कूलंट इतका उतरलेला असू शकतो की सेन्सर पाण्यात नाहीच, तो रिकाम्या जागेत आहे. अशा वेळी हीटर लावून बघावा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिन गरम असून हीटरमधून गार हवा आली, तर आत पाणी नाही किंवा ते फिरत नाही. गाडी तिथेच थांबवायची.

बघा, एकही पार्ट न बदलता, फक्त प्रश्न विचारून आपण कुठपर्यंत आलो!

हे न विचारल्याची किंमत कोण मोजतं? माझ्या रूममेटचे बाबा टुरिस्टची गाडी चालवतात. घरचं आणि तिच्या फीचं सगळं त्या एका गाडीवर. गेल्या उन्हाळ्यात गाडी घाटात तापायला लागली. एका वर्कशॉपने रेडिएटर बदलला. तरी तापली. मग वॉटर पंप बदलला. तरी तापली. लग्नसराईची भाडी हातची गेली, वर उधारी झाली. शेवटी रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने विचारलं, “पाणी बाटलीत येतं ते परत आत जातं का?” जात नव्हतं. त्याने रेडिएटरची कॅप काढली, तिच्या रबरावर अंगठा फिरवला आणि नवी कॅप बसवली. अडीचशे रुपये. प्रॉब्लेम संपला.

कॅप म्हणजे नुसतं झाकण नव्हे. ती कुकरची शिटी आहे. साधारण एक बारचा जादा दाब ती धरून ठेवते, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट मिसळला असेल तर आणखी वर. स्प्रिंग ढिली झाली की हा सगळा फायदा गेला. (म्हणूनच तापलेल्या इंजिनची कॅप उघडायची नसते. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण उघडू नये हे आईने शिकवलंय ना? तेच.) हा बॉयलिंग पॉइंटचा आणि प्रेशरचा संबंध आपल्याला अकरावीपासून माहीत आहे. पण ओरलच्या उत्तरातून तो कॅपपर्यंत पोचत नाही, ही माझी तक्रार आहे.

अज्ञानाचे उपायही ठरलेले आहेत. “थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत लागत नाही” हा त्यातला लाडका. काढल्यावर इंजिन नेहमीच गारठलेलं राहतं, पेट्रोल जास्त पितं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असतो; तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, आणि गाडी उलट जास्त तापते! दुसरा उपाय म्हणजे बोअरचं पाणी. हॉस्टेलमध्ये जो हीटरचा रॉड कोणाकडेच नाही (रेक्टर सर, खरंच नाही!), त्यावर बसणारा पांढरा थर आठवा. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि त्याची उष्णता वाहण्याची क्षमता अ‍ॅल्युमिनिअमच्या शंभराव्या भागाइतकीच असते.

आता यावरचे आक्षेप. पहिला : “हे आयटीआयवाल्यांचं काम आहे, इंजिनिअरचं नाही.” मला हे मुळीच पटत नाही. लक्षणावरून कारणाकडे जाणं, एका वेळी एकच गोष्ट बदलणं, स्वस्त टेस्ट आधी करणं, हे काम कमी दर्जाचं कसं? उद्या आपण प्लँटमध्ये उभे असू आणि कॉम्प्रेसर तापत असेल. तिथे ‘सगळं बदला’ म्हणायला इंजिनिअर कशाला हवा?

दुसरा : “आता स्कॅनर लावला की सगळं कळतं.” स्कॅनर पी०२१७ असा कोड दाखवतो. अर्थ काय, तर इंजिन जास्त तापलंय. ते बोनेटमधली वाफही सांगते! का तापलं, ते माणसालाच शोधावं लागतं.

तिसरा : “इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता रेडिएटर कशाला?” अहो, २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरीसुद्धा कूलंटनेच थंड होते. पंप आला, होज आला, गळतीही आली. इंजिन गेलं तरी उष्णतेचा हिशोब सुटत नाही.

म्हणून स्टाफला एक नम्र विनंती. आपल्या लॅबमध्ये लाल-निळ्या-पिवळ्या रंगाची कट-सेक्शनची इंजिनं आहेत. बघायला फार सुंदर, पण ती कधी तापत नाहीत. त्यांच्याशेजारी एक चालू स्थितीतली जुनी गाडी ठेवा. एका बॅचने तिच्यात एक साधा दोष घालायचा : पंख्याचा फ्यूज काढायचा, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायचा, कॅप जुनी बसवायची. दुसऱ्या बॅचने लॅब असिस्टंट काकांच्या देखरेखीखाली पाऊण तासात तो शोधायचा. मार्क उत्तराला निम्मे, आणि निम्मे या गोष्टीला की प्रश्न कोणत्या क्रमाने विचारले. लॅब असिस्टंट काकांना यातलं किती येतं, हे आपल्याला तेव्हाच कळेल. आजवर आपण त्यांना फक्त सहीसाठी शोधलं. आणि या प्रॅक्टिकलची जीटी मारता येणार नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण!

मित्र-मैत्रिणींनो, आपल्यातले बरेच जण पुढे कोडिंगमध्ये जातील, काही एमबीए करतील. हरकत नाही. बंद पडलेली सिस्टिम तिथेही असणार आहे, आणि पार्ट बदलत सुटलेली माणसंही. त्या गर्दीत एक तरी माणूस शांतपणे विचारणारा हवा, “कधी होतं असं?” तो आपल्या कॉलेजचा असावा, एवढीच इच्छा.