वाचून दिलेला नकार

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांच्यामागून स्कॉटिश आले, इंग्लिश आले. पोर्तुगीज तर वसईत आणि गोव्यात फार आधीच येऊन बसले होते. छापखाने निघाले, 'ज्ञानोदय' निघालं, मुलींच्या शाळा निघाल्या, दवाखाने उभे राहिले. एवढा खटाटोप होऊन २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती मोजले, तर शंभरात एकही पुरता भरला नाही. असं का झालं?

पुण्यात या प्रश्नाला दोन उत्तरं तयार मिळतात. पहिलं मिशनच्या अंगणातलं. येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर ते उभं आहे: बी अस्सल होतं, जमीन खडकाळ निघाली. लोकांना जातीचा ताठा होता, वाळीत पडण्याची धास्ती होती, पापाची गोडी सुटत नव्हती, म्हणून त्यांनी शुभवर्तमान नाकारलं. दुसरं उत्तर पेठांमधलं. आमचा धर्म मुळातच भक्कम. परक्यांच्या धर्मात गेले ते भाकरीसाठी गेले, बाकी कोणी ढुंकून पाहिलं नाही. ही दोन्ही उत्तरं देणारे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पण ऐकणाऱ्या माणसाला डोकं असतं, हे दोघांच्याही हिशेबात नाही. एकाच्या लेखी नाकारणारा आंधळा, दुसऱ्याच्या लेखी स्वीकारणारा विकाऊ.

आधी भीतीचं पाहू, कारण ती खरी होती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि त्यानंतर चहा-बिस्किटं आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा प्यालं, कोणी यजमानाचा मान राखायला पेला हातात घेऊन तसाच खाली ठेवला. 'पुणे वैभव' या वृत्तपत्राने नावं छापली, तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, ग्रामण्य झालं आणि शेवटी प्रायश्चित्तं झाली. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्यांच्या घरातला कोंडमारा वाचायला मिळतो. मला यात गंमत वाटते ती अशी, की दोन वर्षं पुणं चहावर भांडलं. त्या दिवशी व्याख्यानात काय सांगितलं गेलं, याची विचारपूस कोणी केल्याचं दिसत नाही. जिथे पेल्याचा एवढा धाक, तिथे बाप्तिस्म्याचं नाव कोण काढणार?

तेव्हा मिशनरी म्हणतात ती धास्ती होतीच. पण तिने ज्यांनी कान बंद ठेवले त्यांचा उलगडा होतो. ज्यांनी कान उघडे ठेवून, पुस्तक उघडून नाही म्हटलं, त्यांचं काय?

जोतीराव फुल्यांचं उदाहरण घ्या. शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत. मुलींच्या शाळेची कल्पना अहमदनगरला मिस फॅरारबाईंची शाळा पाहून पक्की झालेली. मिशनरी त्यांचे स्नेही, मदतनीस. शाळेपायी वडिलांनी घराबाहेर काढलेलं, तेव्हा वाळीत पडण्याचं भय कुठून उरणार? ब्राह्मणी धर्माशी त्यांचं वैर जगजाहीर. हा माणूस आतून ख्रिस्तीच झालाय, अशी कुजबुज आयुष्यभर पाठीशी. 'गुलामगिरी'त तर त्यांनी ख्रिस्ताला बळीराजाच्या पंक्तीला बसवलं, आणि जोतीरावांकडे त्याहून वरची पंगत नव्हती. बाप्तिस्मा घेऊन गमवायला काही नव्हतं, मिळवायला पुष्कळ होतं. तरी त्यांनी तो घेतला नाही. १८७३ साली याच पुण्यात स्वतःचा सत्यशोधक समाज काढला आणि अखेरच्या दिवसांत, उजवा हात लुळा पडल्यावर डाव्या हाताने, 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं.

त्या पुस्तकात एका घराची कल्पना आहे. बाईने बौद्ध धर्मग्रंथ वाचून तो धर्म पत्करावा, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्म स्वीकारावा, आणि चौघांनी एका घरात एकमेकांचा द्वेष न करता नांदावं. हे लिहिणारा माणूस बायबलचा शत्रू नव्हे. पण सगळं सत्य कोण्या एकाच पुस्तकात सामावलंय, हे त्याला पटलं नाही. निर्मिकाची, म्हणजे निर्मात्याची, सगळी स्त्री-पुरुष लेकरं सारखी, मग लेकरू आणि निर्मिक यांच्यात तिसरा कशाला? ज्या तर्काने त्यांनी भटजीला मधून उठवलं, तोच तर्क पाद्रीपाशी थांबवायचा कसा? मिशनच्या शाळेने प्रश्न विचारायला शिकवलं आणि विद्यार्थ्याने ते शाळेलाही विचारले. याला खडकाळ जमीन म्हणायचं असेल तर सुपीक जमीन कशी असते, हे एकदा कोणी दाखवावं.

दुसरा नकार बाबासाहेबांचा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि धर्मांतर केलं १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली एकवीस वर्षं देशातल्या प्रत्येक धर्माचे लोक त्यांच्या दाराशी येत होते, त्यांत ख्रिस्ती बिशपही होते. इथे जातीचा ताठा कुठला आणि बहिष्काराची भीती कुठली? ख्रिस्ती मिशनांबद्दल त्यांनी जे लिहून ठेवलंय ते मिशनऱ्यांनीच नीट वाचावं असं आहे. मिशनांच्या सेवेला त्यांनी दाद दिली. पण देवळातली जात चर्चच्या बाकापर्यंत कशी आली, असं त्यांनी विचारलं. गरिबांच्या नावाने उभ्या राहिलेल्या कॉलेजांचा आणि दवाखान्यांचा लाभ वरच्या जातींनी उचलला, हे दाखवलं. अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेला माणूस पुढे अन्यायाविरुद्ध लढायचं सोडून गप्प बसतो, ही त्यांची सगळ्यात बोचरी तक्रार. आणि तत्त्वाच्या बाजूने ते म्हणत की बुद्धाने स्वतःला वाट दाखवणारा म्हटलं, तारणारा म्हटलं नाही. देवाचा पुत्र असल्याचा दावाही केला नाही. पुण्याशेजारी देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली ती २५ डिसेंबर १९५४ ला, नाताळच्या दिवशी. तारीख मुद्दाम निवडली होती का, या वादात मी शिरत नाही.

कॉलेजांवरून आठवलं. पुण्याच्या मध्यमवर्गाने मिशनचा संदेश नाकारला, प्रवेशअर्ज मात्र कधी नाकारला नाही. सेंट व्हिन्सेंट्स १८६७ पासून उभी आहे, आणि अशा शाळांच्या रांगेत उभे राहणारे बरेचसे पालक घरी गणपती बसवणारेच असतात. बाबासाहेबांच्या तक्रारीचा पुरावा हवा असेल तर त्या रांगेत मिळेल.

आता पेठेतलं उत्तर. धर्म परका होता म्हणून चालला नाही, हे ऐकायला बरं वाटतं. पण क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी, १७९२ साली, आपल्याच फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांच्या प्रार्थनेसाठी. परकेपणाने तेव्हा कोणाचं पोट दुखलं नाही. दुखायला लागलं ते १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढल्यावर. त्यानंतर जो कोणी येशूचं नाव घेऊन आला, तो सरकारच्या गाडीतून उतरल्यासारखा दिसायचा. शिवाय आल्या आल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची निंदा. १८३१ साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरोभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, मोरोभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहिली, विल्सनने लगेच त्यावर पुस्तक केलं. पुराणातल्या देवांच्या भानगडी बाहेर काढण्यात जी शाई गेली, ती डोंगरावरच्या प्रवचनावर खर्च झाली असती तर ऐकणारे जास्त मिळाले असते, असं माझं मत आहे.

आणि जे गेले ते पोटासाठी गेले? दुष्काळात पुष्कळ गोरगरीब मिशनच्या आसऱ्याला गेले, हे खरं. उपाशी माणूस अन्न देणाऱ्याकडे गेला यात लाज त्याची नाही, ज्यांनी आपल्या विहिरीवर त्याला पाणी भरू दिलं नाही त्यांची आहे. पण पंडिता रमाबाईंना काय कमी होतं? कलकत्त्याने त्यांना 'सरस्वती' म्हणून गौरवलं होतं. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रातला पुष्कळसा मान गमावला. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि चार वर्षांहून जास्त काळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या; लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणाला या सौद्यात नफा दिसला असेल तर त्याने सांगावं. १८५० चा कायदा होईपर्यंत तर धर्म सोडणाऱ्याचा वडिलोपार्जित हिस्साही जायचा.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे तर दोन्ही उत्तरांची एकदम पंचाईत करतात. हे काशीत वाढलेले चित्पावन. विशीत असताना त्यांनी संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून ख्रिस्ती मताचं खंडन केलं. ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नावच कधी पडलं नाही, त्यांना नरक का? तान्ह्या मुलाने काय केलं म्हणून त्याला यातना? आयुष्याच्या चार दिवसांच्या चुकीला अनंतकाळची शिक्षा हा कुठला न्याय? कर्म आणि पुनर्जन्म मानणाऱ्याला हे प्रश्न पडणारच. युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनाही ते पडत होते आणि त्यांची उत्तरं कोणाकडे धड नव्हती. आणि हेच गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले! पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी आपल्या जुन्या दर्शनांवर शस्त्र धरलं. उत्तरायुष्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्येही राहिले. शंकांनी त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही, असं त्यांना ओळखणारे सांगत. ख्रिस्ती होण्याआधीचं त्यांचं काळीज कठोर होतं आणि मग मऊ झालं, असं म्हणायचं? की आधी खरे पंडित होते आणि मग विकले गेले? माणूस तोच होता, बुद्धी तीच होती. आधी एक उत्तर पटलं, नंतर दुसरं.

ऐकणाऱ्याचं डोकं हिशेबात न धरण्याचा हा आंधळेपणा शारदा सदनाच्या वादात तर अंगावर येतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी हे सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. १८९३ मध्ये गहजब झाला की विधवा मुलींना बाटवतात. 'केसरी' तुटून पडला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात सगळ्यात आधी दाखल झालेली विधवा म्हणजे गोदूबाई जोशी. रमाबाईंच्या सहवासात त्या काही वर्षं राहिल्या, त्यांची प्रार्थना रोज कानावर पडत होती, रमाबाईंवर त्यांचा जीव होता. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. ११ मार्च १८९३ ला त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि आनंदीबाई कर्वे झाल्या. सदनातल्या दुसऱ्या काही जणी ख्रिस्ती झाल्या. एकाच छपराखाली, एकाच बाईंच्या हाताखाली दोन्ही गोष्टी घडल्या. 'बाटवल्या' म्हणणाऱ्यांना या बायकांचा नकार दिसला नाही आणि त्यांचा होकारही कळला नाही. बायकांना स्वतःचं मत असू शकतं, ही शक्यताच पुण्याच्या अग्रलेखांना तेव्हा सुचली नव्हती.

माझं मंडन एवढंच आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती संदेशाला जे वजनदार नकार मिळाले ते ऐकून, वाचून, तोलून दिलेले होते. ते ऐकून घेणं ही ज्याने संदेश आणला त्याची जबाबदारी. गोऱ्ह्यांचा न्यायाचा प्रश्न, जोतीरावांचा मध्यस्थाचा प्रश्न, बाबासाहेबांचा चर्चमधल्या जातीचा प्रश्न हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. तिन्हींना 'पापी मनाची सबब' अशी एकच चिठ्ठी लावली की उत्तर द्यायचं काम टळतं, म्हणूनच ती चिठ्ठी इतकी लोकप्रिय असावी.

यावर श्रद्धावान मित्र म्हणतील, तुम्ही चर्चच्या चुका दाखवता, ख्रिस्ताबद्दल बोला. कबूल. पण हा फरक त्यांच्याच रमाबाईंनी आधी केला होता. बाप्तिस्म्यानंतरही त्या त्रैक्यावर वाद घालत राहिल्या, इंग्लंडातल्या सिस्टर जेराल्डिनची बोलणी खाल्ली, पण बिशपांच्या आज्ञेत बसल्या नाहीत. रेव्हरंड टिळकही तुकारामाच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आल्याचं सांगत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. ज्यांनी संदेश स्वीकारला त्यांनीही त्याच्याबरोबर आलेलं बरंच सामान परत पाठवलं. मग ज्याने सामान पाहून गाडीच परत पाठवली, त्याला एवढे बोल का?

शिवाय शुभवर्तमानांत नकारांची वाण नाही. श्रीमंत तरुण येशूचं म्हणणं ऐकतो आणि खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्या मागे धावत नाही. गदरेकर त्याला आमच्या हद्दीतून जा म्हणतात, तो जातो. पौलाला अथेन्समध्ये काही जण हसले, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू. नाही म्हणणाऱ्याला वाट मोकळी ठेवण्याची रीत त्या पुस्तकातच आहे. ती मोडली गोव्याच्या इन्क्विझिशनने, १५६० पासून १८१२ पर्यंत, आणि तिचं नाव आजही नाकारणाऱ्याच्या ओठांवर पहिलं येतं. होय म्हणणाऱ्याची वाट अडवणारे मात्र आज आपल्याकडेच जास्त आहेत, हेही त्याच दमात सांगायला हवं.

तेव्हा पुणेकरांनो, मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चारही पुस्तकं मराठीत मिळतात, दोन-चार रविवारांत वाचून होतात. जोतीरावांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'ही मिळतं. दोन्ही वाचा आणि मग खुशाल नाही म्हणा, किंवा खुशाल हो म्हणा.